आईच्या मार्फत

मी यायच्या आधीच मुकुंदाने आईच्या खोलीतल्या कूलरला नवीन खस, म्हणजे वाळा, लावून ठेवली होती. जूनमधली दुपार, बाहेर लू सुटलेली, आणि आत पाऊल टाकताच ओल्या खसचा तो गार, मातकट वास. हा वास नाकात गेला की आई पलंगावर बसून सुपारी कातरत असणार, हे माझ्या अंगालाच ठाऊक होतं. पलंगावर इस्त्रीवाल्याकडून आलेल्या कपड्यांचा ढीग होता. तेही बरंच झालं, रिकामा पलंग मला बघवला नसता.

"जिज्जी, चाय बनवा दें, कि पहले नहाएँगी?" मुकुंदा दारात उभा राहून विचारत होता.

"चहाच टाक," मी म्हणाले.

"अदरक?"

"घाल की."

त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं आणि मीही ओशाळले. मुकुंदा माझा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी माझ्या लेखी धाकटाच. लखनौच्या या अलीगंजमधल्या घरात आम्ही दोघं वाढलो, एकाच आईच्या हातचं खाऊन आणि तिचीच बोलणी खाऊन, पण उभ्या जन्मात एकमेकांशी मराठी बोललो नाही. आईशी मराठी, आपसांत हिंदी. असं कोणी ठरवून दिलं नव्हतं. परप्रांतातल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन बघा, पोरं आईबापांशी मराठीत बोलतील, पण एकमेकांच्या झिंज्या उपटतील त्या तिथल्या भाषेत. आमचंही तसंच झालं. आज मी मुद्दाम मराठीत बोलत होते, आणि दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं मला वाटत होतं.

आई जानेवारीत गेली, इथल्या दाट धुक्याच्या दिवसांत. मी पुण्याहून निघाले होते, पण विमान दिल्लीलाच अडकलं, आणि तिथल्या खुर्चीत शाल लपेटून बसलेली असताना मुकुंदाचा फोन आला. "जिज्जी, माँ नहीं रहीं." आता आमच्या घरात 'माँ' अशी कोणी नव्हतीच. आई होती. क्षणभर मला खरंच वाटलं की दुसऱ्या कुणाची तरी आई गेली, आणि मी विचारलंसुद्धा, "किसकी?" मग तो म्हणाला, "जाने से पहले आपको पूछ रही थीं."

हे वाक्य मी गेले कित्येक महिने उराशी धरून बसले होते, आणि ते मला टोचत होतं. आई 'पूछ' वगैरे करणारी बाई नव्हती. ती काहीतरी म्हणाली असणार, तिच्या शब्दांत, तिच्या त्या कराडकडच्या हेलात, आणि ते शब्द मुकुंदाच्या कानात पडले होते. माझ्या हाती आलं ते त्याचं भाषांतर. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं, विचारायला निवांतपणा मिळाला नाही. पुढे फोनवर एकदा विचारलं, तर "बस यही, कि आप कब आएँगी," एवढं म्हणून त्याने पुण्याच्या हवेची चौकशी सुरू केली. या खेपेला त्याने दशहरी आंबे खायला बोलावलं, म्हणून मी आले. लोकांना सांगायला आंबे ठीक होते. मला आईचे शेवटचे शब्द हवे होते, जसेच्या तसे, आणि ते फक्त त्याच्यापाशी होते.

चहा घेऊन मी त्या खोलीतच बसून राहिले. बाहेर फालसेवाला ओरडत गेला, "ठंडे-मीठे फालसेऽ", आणि त्या आवाजाबरोबर मी थेट फ्रॉकच्या वयात जाऊन पडले. तेव्हाही दुपारी हीच हाक यायची. दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, अंधाऱ्या खोलीत कूलरची घरघर, आणि आम्हाला झोपायची सक्ती. उन्हं कलली की गच्चीवर बादल्या भरभरून पाणी शिंपडायचं. तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की वाफ उठायची, चटके बसायचे, आम्ही नाचायचो, आणि खालून आई ओरडायची, "पाय भाजून घ्या, मग या रडत!"

मग संध्याकाळची पानं मांडली जायची, आणि तिथे एक नियम होता. पानावर मराठी. बाबा इथल्या एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायचे, दिवसभर इंग्रजी-हिंदी बोलून दमून यायचे. आम्ही शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, गच्चीवर हिंदी. आईने त्याला कधी हरकत घेतली नाही. मात्र पानावर बसल्यावर कुणी हिंदीत काही मागितलं, की तिला ऐकूच येत नसे. "आई, सब्ज़ी दो ना!" आई शांतपणे पोळी लाटत राही. "सब्ज़ीऽऽ!" तरी ढिम्म. "आई, भाजी वाढ," म्हटलं की त्याच क्षणी डाव पातेल्यात. भुकेसारखा मास्तर नाही. मुकुंदा अडीच-तीन वर्षांचा असताना त्याला 'र' येत नव्हता, पण 'कोशिंबीय' बरोबर मागायचा.

अशाने आमची मराठी झाली स्वयंपाकघरातली. डाव, झारा, सांडशी, उकड, साय, सगळं मराठीत. ताप, खोकला, तेल लावून आंघोळ, केसांतला गुंता मराठीत. देव मराठीत, झोप मराठीत. पतंग मात्र हिंदीत, गणित हिंदीत, चोरून केलेली प्रत्येक गोष्ट हिंदीत. रुसायचं मराठीत आणि भांडायचं हिंदीत. आमच्या मराठीत धड शिवी नव्हती, 'मेल्या' ही त्यातल्या त्यात जहाल. पुढे लग्न होऊन पुण्याला गेले आणि बसच्या रांगेत पहिल्यांदा अस्सल शिव्या ऐकल्या. माझे यजमान ओशाळून दुसरीकडे बघायला लागले, आणि मी कान टवकारून उभी होते. एवढी मोठी भाषा आईने आमच्यापासून लपवून ठेवली होती!

लहानपणी तर आम्हाला वाटायचं, मराठी ही आमच्याच घरात होते, लोणच्यासारखी. शाळेत कुणी ती बोलत नाही, ठेल्यावर कुणी बोलत नाही, शेजारच्या शुक्ला आंटींना ती कळत नाही, म्हणजे ती आई-बाबांनीच केलेली असणार. मी थोडी मोठी, मला थोडी शंका होती. मुकुंदाला नव्हती. तो पाचेक वर्षांचा असताना आम्ही मामाकडे कराडला निघालो. सकाळी भुसावळला गाडी थांबली आणि खिडकीशी केळीवाला आला. "केळी घ्या केळी! ताई, ताजी हायेत, बघा तरी!"

मुकुंदाचा चेहरा पडला. त्याने आईचा पदर ओढला. "आई, ये हमारी बोली क्यों बोल रहा है?"

"अरे, त्याचीपण मराठीच आहे."

"उसकी कैसे? हमारी है!"

तेवढ्यात फलाटावरचा हमाल मराठीत ओरडला. पोलीस मराठीत बोलला. बाकड्यावर दोन बायका जागेवरून मराठीत भांडत होत्या. आख्खं स्टेशन परवानगीवाचून आमच्या स्वयंपाकघरात घुसलं होतं. मुकुंदाने केळं खाल्लं नाही. मनमाड येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसला, आणि बाबा हसून हसून डोळे पुसत राहिले. मीही हसले, पण खरं सांगते, आतून मलाही लागलं होतं. आईचं ते 'शहाणं गं माझं बाळ' या एवढ्या सगळ्या लोकांना येतं?

मामाकडे आणखीच फजिती. लखनौत स्वतःला 'मैं' म्हणणं जरा आगाऊपणाचं, इथे सगळे 'हम'. मुकुंदाने तेच मराठीत आणलं. "मामी, आम्हाला भूक लागली. आम्ही भात नाही खाणार." मामेभावंडं जमिनीवर लोळली. "महाराज आले! अरे, मुजरा करा महाराजांना!" महाराज लाल झाले, आणि कोपऱ्यात येऊन माझ्या कानात म्हणाले, "जिज्जी, यहाँ किसी को तमीज़ ही नहीं है." त्या सुट्टीत तो मामाकडे फारसं कुणाशी बोललाच नाही. आईच्या मागे मागे फिरत तिच्याशी कुजबुजत राहिला. मराठी ही आईशी बोलायची गोष्ट आहे, हे त्याच्या मनात बहुतेक तिथेच पक्कं झालं.

आईचं उलट. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला हिंदीचा गंध नव्हता. आम्हाला भाषा न मागता मिळाली, तिने ती ठेल्यावरून भाजीसारखी निवडून निवडून घेतली. ठेलेवाला 'तुरई' म्हणाला की ती दोडका उचलून दाखवायची आणि दोघं मान डोलवायचे. ज्येष्ठातल्या बड्या मंगळाला अलीगंजच्या हनुमान मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जागोजागी भंडारे लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पुरी-भाजी आणि गुलाबी सरबत. पहिल्याच वर्षी शुक्ला आंटी तिला तिथे वाढायला घेऊन गेल्या. त्या एका दिवसात आई 'लीजिए', 'और लीजिए', 'अरे, बस कैसे' एवढं शिकून आली, आणि नंतर कित्येक वर्षं तिची हिंदी ही वाढणाऱ्या बाईची हिंदी राहिली. दूधवाल्यालाही ती माप भरताना सांगायची, "और दीजिए, अरे, बस कैसे!" फार चिडली की मात्र तिची हिंदी संपायची. मग 'उचलली जीभ लावली टाळ्याला' हे ती रिक्षावाल्याला थेट मराठीतच ऐकवायची, आणि ते त्याला बरोबर कळायचं.

माझं लग्न झालं. बाबा गेले. मग रविवारचा फोन सुरू झाला, आणि त्यात आमची एक पद्धत पडली. कुणाला सांगितली तर हसतील. आई फोन स्पीकरवर टाकायची. मुकुंदा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असे.

"आई," मी म्हणे, "मुकुंदाला सांग, तो दात दाखवून ये आधी."

मुकुंदाला ते ऐकू गेलेलंच असे. तरी आई त्याच्याकडे वळे. "अरे, ती म्हणत्येय दाताचं बघ. बरोबरच आहे तिचं."

"आई, जिज्जीला सांग, माझा दात चांगला आहे. तिने तिच्या गुडघ्याचं बघावं."

"ऐकलंस का गं? म्हणतोय, गुडघ्याचं बघ. आणि चिडू नकोस, काळजीने म्हणतोय."

'काळजीने' हे आईचं. ती प्रत्येक निरोपात आपलं थोडं मीठ घालायची. म्हणजे आम्ही मराठीत बोलायचो, पण आईच्या मार्फत. ती दुधाखालचा गॅस बारीक करायला उठली, की आम्ही लगेच हिंदीत. "और जिज्जी, बारिश हुई उधर?" "हुई थोड़ी." तिची पावलं परत आली की पुन्हा मराठी, पुन्हा 'आई, तिला सांग'. वर्षानुवर्षं असं चाललं. मधलं माणूस कायमचं उठून गेलं तर ही मराठी कुठे जाणार, असा विचार एकदाही मनात आला नाही. तेव्हा ते इतकं आयतं मिळत होतं.

पुण्यात मराठीला काय तोटा! दारावर मराठी, दूरदर्शनवर मराठी, शेजारीण तर सकाळी सातपासून मराठी. पण ती लोकांची. मला आमची हवी होती, खसचा नि सुपारीचा वास असलेली, शिवी नसलेली. ती आता जगात माझ्याखेरीज एकाच माणसाला येत होती, आणि तो माझ्याशी हिंदीत बोलत होता.

संध्याकाळी मी विचारलंच. मुकुंदाची बायको सुषमा भेंडी चिरत बसली होती, मुकुंदा मोबाइलमध्ये डोकं घालून.

"मुकुंदा, आई शेवटी नेमकं काय म्हणाली रे?"

"बताया तो था, जिज्जी."

"तसं नाही. तिच्या शब्दांत सांग."

तो उठला. कूलरमध्ये पाणी कमी झालं असेल म्हणाला आणि पाइप आणायला अंगणात गेला. कूलर त्याने जरा वेळापूर्वी माझ्यासमोरच काठोकाठ भरला होता.

सुषमा लखनौचीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की लाजते. तिने विळी बाजूला सारली. "जिज्जी, अम्मा की बात ये घर में करते ही नहीं. बाहरवालों से कर लेते हैं, हमसे नहीं. उस दिन हमने कहा, हमें ही मराठी सिखा दीजिए, हम बोलेंगे आपसे. तो कहने लगे, जिनसे सीखी थी, वही नहीं रहीं, अब क्या."

माझा जीव कळवळला. मी इतके दिवस माझ्याच तहानेचा विचार करत होते. मला निदान दारावर भाजीवाली तरी मराठीत येते. या माझ्या भावाला आई गेल्यापासून मराठीतला एक शब्द तोंडातून काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मलिहाबादला निघालो. सुषमाने डबा भरून दिला. दर जूनमध्ये एकदा बागेत जाऊन, सावलीत बसून डबा खायचा आणि आंबे घेऊन यायचे, ही आमच्याकडची जुनी चाल. पूर्वी बाबांच्या स्कूटरवर जायचो. मी पुढे उभी, मुकुंदा मध्ये चेपलेला, मागे आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा. रस्त्यात बाबा काही बोलले की ते वाऱ्याने उडून जायचं आणि आई मागून ओरडायची, "काय म्हणालात?" अलीकडे गाडीतून जायचो, काचा लावून, सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. आज गाडीत मी आणि मुकुंदाच.

बाग तशीच होती. खालपर्यंत झुकलेल्या फांद्या, वाळक्या पानांचा चुरचुराट, तापलेल्या चिकाचा आणि पिकत्या फळाचा मिसळलेला वास. पोपट हाकलायला कुठेतरी कुणी पत्र्याचा डबा बडवत होतं. बागवाले चचा खाटेवरून उठून आले. आई त्यांच्याकडे चाळीस-एक वर्षं येत होती. त्यांनी आमच्या मागे, गाडीकडे बघितलं.

"अम्मा को नहीं लाए इस बार? गर्मी के मारे?"

"अम्मा नहीं रहीं, चचा," मुकुंदा म्हणाला. "जनवरी में." अगदी सरळ, न अडखळता. हे वाक्य त्याचं आता पाठ झालं होतं.

चचा खाली बसले. डोळे मिटून त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. "बड़ी नेक थीं," ते म्हणाले. "डाँटती बहुत थीं हमको."

तेवढ्यात वरच्या फांदीतून एक आंबा सुटून धप्पकन खाली आला. झाडावर एक माणूस चढला होता, हातात लग्गी, म्हणजे जाळी बांधलेला लांब बांबू. दशहरी अलगद उतरवावी लागते, आपटली की गेली. चचांनी मान वर केली आणि ओरडले, "हळू, भैया! हळू!"

"हळू ही तो कर रहे हैं, चचा!" झाडातून उत्तर आलं.

मला वाटलं, मला भास झाला. मी चचांकडे बघतच राहिले.

"अरे, ये तो अम्मा का लफ़्ज़ है," चचा म्हणाले. "पहले दिन से यहाँ खड़ी होकर यही कहती थीं, हळू, हळू. अब पूरा बाग़ यही बोलता है. 'आराम से' कहो तो ये लोग सुनते ही नहीं."

मला हसू फुटलं. मुकुंदा हसला नाही. त्याने झाडाच्या बुंध्यावर हात टेकला होता आणि तोंड पलीकडे केलं होतं. वरून पुन्हा आवाज आला, या वेळी कुणीतरी दुसऱ्याला बजावत होतं, "हळू, हळू." चचा आमच्या पेट्या भरून घ्यायला निघून गेले.

आम्ही सावलीत चटई टाकली. डबा मध्ये ठेवला, उघडला नाही कुणी. मुकुंदा वाळलेलं पान घेऊन त्याच्या बारीक बारीक घड्या घालत होता.

"जिज्जी," तो म्हणाला. थांबला. मग म्हणाला, "आई तसं नव्हती म्हणाली."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं तर तो पुन्हा हिंदीत शिरेल अशी मला भीती वाटली. मी चटईच्या काठाकडे बघत राहिले.

"विचारत-बिचारत नव्हती ती. मी तिला सांगितलं, जिज्जी निघाली आहे, पण धुकं आहे, प्लेन अडकलंय. तर तिने डोळे उघडले. नीट बघितलं माझ्याकडे. म्हणाली..." इथे त्याचा आवाज बदलला. पन्नाशीच्या माणसाच्या तोंडून आईचा हेल आला, तोच तो, शेवटचा शब्द किंचित ओढणारा. "म्हणाली, येईल ती उपाशीतापाशी. आली की आधी तिला जेवायला घाल. रडायचं ते मग रडा दोघं."

झाडातून पोपटांचा एक थवा कलकलत उठला आणि पलीकडच्या बागेत गेला.

"मी नाही घातलं तुला जेवायला," मुकुंदा म्हणाला. "त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. शुक्ला आंटींनी खिचडी पाठवली, ती पण तशीच राहिली. तू आलीस आणि आपण एकदम रडायलाच लागलो. मग सांगू कसं? हिंदीत सांगून बघितलं. हिंदीत ते... बनत नाही, जिज्जी. आणि मराठीत कुणाला सांगायचं, मला कळेना. मी तर मराठीत सगळं तिलाच सांगायचो."

तो माझ्याशी बोलत होता. मध्ये कुणी नसताना, सरळ माझ्याशी, शब्द शोधत शोधत. आयुष्यभर मला 'आप' म्हणत आलेला माझा भाऊ मला 'तू' म्हणाला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. आनंद झाला की दुःख, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच आलं. मला हुंदका फुटायला लागला.

मुकुंदाने हात वर केला. "आत्ता नाही," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "आधी जेव."

त्याने डबा उघडला. झाकणात पुऱ्या काढल्या, बटाट्याची भाजी वाढली, कडेला लोणच्याची फोड ठेवली आणि झाकण माझ्या हातात दिलं. पुरी गार होऊन चिवट झाली होती. पहिला घास खाली उतरेना, पण मी तो उतरवला. दुसरा सोपा गेला. तो समोर मांडी घालून बसला होता, माझ्याकडे बघत. मी नको म्हटलं तरी त्याने आणखी एक पुरी वाढली. मग मी त्याला वाढलं. आम्ही पोटभर जेवलो, डबा रिकामा केला, बाटलीतल्या पाण्याने हात धुतले.

मग आम्ही दोघं रडलो.